जलचिन्हांकित पत्रकागद

फाउंटन पेनाने पत्रे लिहिण्यासाठी वापरला जाणारा उंची कागद. उजेडासमोर धरला की त्याच्या अंगात गिरणीचे नाव, मुकुट, ढाल किंवा अशीच एखादी खूण दिसते. ही खूण छापलेली नसते. कागद ओला असताना लगद्यातील तंतू जिथे विरळ होतात तिथून उजेड अधिक पार होतो, जिथे दाटतात तिथून कमी. जाडीतल्या या फरकाचे चित्र म्हणजे जलचिन्ह. टेबलावर पडलेल्या कागदात ते जवळजवळ दिसत नाही. काही स्वस्त कागदांवर पारदर्शक द्रव्याने खूण छापून हाच आभास निर्माण केला जातो. असा कागद तिरप्या उजेडात फिरवून पाहिला की छापलेली जागा वेगळी चमकते आणि लबाडी कळते.

जलचिन्हाची चाल इटलीत १२८२ च्या सुमारास सुरू झाली. फाब्रियानो येथील कागद कारागीर त्यात अग्रेसर होते. हातकागदाच्या साच्याला तारांची जाळी असे. त्या जाळीवर तार वाकवून केलेली आकृती शिवली, की तिच्यावर बसणारा लगद्याचा थर पातळ होई. पुढे या खुणांवरूनच कागदाच्या मापांना नावे मिळाली. विदूषकाची टोपी ही खूण असलेला कागद तो फुलस्केप. टोपी केव्हाच गेली, नाव मात्र शाळेच्या वह्यांपर्यंत टिकले. शार्ल-मोईझ ब्रिके या स्विस अभ्यासकाने १६०० पर्यंतच्या १६,११२ जलचिन्हांचा कोश १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. जुन्या दस्तऐवजांचा काळ ठरवताना तो आजही उघडला जातो. हे ज्ञान खोटेपणाच्याही कामी आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस शेक्सपिअरची बनावट कागदपत्रे रचणाऱ्या विल्यम हेन्री आयर्लंडला, एलिझाबेथकालीन कागदात सुरईची खूण असे, हे समजले होते. त्याने तसे कोरे कागद मिळवले आणि संशय येऊ नये म्हणून त्यांत बिनखुणेचेही मिसळले.

यंत्रावर कागद होऊ लागल्यावर साचा गेला आणि त्याची जागा डँडी रोलने घेतली. १८२६ मध्ये लंडनच्या जॉन मार्शल यांनी आणलेले हे जाळीदार रूळ ओल्या कागदावरून फिरते आणि आपल्या अंगावरचा उठाव त्यात दाबते. आजचा बहुतेक जलचिन्हांकित पत्रकागद असाच होतो. प्रत्येक खुणेला वेगळे रूळ लागते, म्हणून थोड्या मागणीसाठी गिरण्या या फंदात पडत नाहीत. खूण प्रत्येक तावाच्या नेमक्या मध्यभागी यावी, तर कापणीही काटेकोर हवी. साध्या प्रकारात ती वाटेल तिथे येते, कधी अर्धीच कापली जाते. ती दोषाची खूण नव्हे.

शाईसाठी मात्र जलचिन्ह नव्हे, खळ महत्त्वाची. खळ म्हणजे कागदाने शाई पिऊ नये म्हणून त्याला दिलेले द्रव्य. खळ नसलेला कागद म्हणजे टीपकागदच. फाउंटन पेनाची शाई पाण्यासारखी पातळ असते. ती तंतूंतून वाट काढते, अक्षराला केसाळ कडा येतात आणि मागच्या बाजूला ठिपके उतरतात. चांगली खळ शाईला पृष्ठभागावर थोपवते. ती तिथेच वाळते, म्हणून एकाच अक्षरात गडद-फिकट छटा दिसतात. त्याची किंमत वाळण्याच्या वेळात मोजावी लागते. फाब्रियानोत जनावरांच्या सरसाची खळ देत. १८०७ मध्ये मोरिट्झ इलिग यांनी राळ आणि तुरटीची खळ प्रसिद्ध केली. ती स्वस्त होती, पण आम्लामुळे कागद पिवळा आणि ठिसूळ करणारी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आम्लरहित खळी रुळल्या. जपून ठेवायच्या पत्रांना त्याच योग्य.

वेष्टनावरच्या ‘कापूस’ या शब्दानेही अनेकजण फसतात. कापसाचे तंतू लांब आणि टिकाऊ असतात, हातालाही कागद छान लागतो. पण खळ हलकी असेल तर शंभर टक्के कापसाचा कागदही शाई पितो. जलचिन्हात कापसाचे प्रमाण नोंदवलेले कित्येक कागद मुळात कचेरीच्या पत्रशीर्षांसाठी, म्हणजे यंत्राच्या छपाईसाठी बनलेले असतात. उलट, फाउंटन पेनवाल्यांत नावाजलेले काही गुळगुळीत कागद बिनखुणेचेच असतात. दोन्ही गुण एकाच तावात हवे असतील तर नावावर न जाता कागद तपासावा लागतो.

तपासण्याची रीत सोपी आहे. गठ्ठा घेण्याआधी एखादा ताव मिळवावा. त्यावर जाड, भरपूर शाई सोडणाऱ्या निबेने दोन ओळी लिहाव्यात, एका जागी रेघांवर रेघा माराव्यात आणि पूर्ण वाळल्यावर मागची बाजू पाहावी. बारीक निबेने केलेली परीक्षा फारशी कामाची नाही. तिच्यात वाईट कागदही पास होतो. एकच नाव असलेला कागद पुढच्या खेपेला वेगळा निघू शकतो, म्हणून नवा गठ्ठा आला की परीक्षा पुन्हा घ्यावी. जुना साठा घेताना आणखी सावध राहावे. ओल लागलेल्या कागदाची खळ जागोजागी मरते आणि चांगल्या ओळीच्या मध्येच शाई फुटते.

पोताचे दोन प्रकार आढळतात. ‘लेड’ कागदात जवळजवळ बसवलेल्या बारीक रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या विरळ रेघा दिसतात. जुन्या साच्याच्या तारांची ही आठवण यंत्रकागदात डँडी रोलनेच उठवलेली असते. विणलेल्या जाळीवरचा सपाट ‘वोव्ह’ कागद इंग्लंडमध्ये जेम्स व्हॉटमन यांनी १७५० च्या दशकात आणला. अतिबारीक निब लेड कागदावर अडखळते आणि जाड निबेला तोच रुचतो, असा माझा कल आहे. शेवटी हा ज्याच्या त्याच्या हाताचा प्रश्न.

वजनाच्या दृष्टीने ८० ते १०० ग्रॅम प्रति चौरस मीटर पत्राला पुरेसे असते. त्याहून फार जाड कागद घेतला तर खाली ठेवलेल्या आखीव कागदाच्या रेघा वर दिसत नाहीत. लिहायची बाजू जलचिन्हच सांगते: ताव उजेडासमोर धरल्यावर नाव सुलटे वाचता येईल ती सुलटी बाजू. हाताखाली एक कोरा कागद ठेवावा. तळव्याचे तेल लागलेल्या जागी शाई धरत नाही आणि दोष मात्र निबेला दिला जातो.