परिपक्वता

परिपक्वता म्हणजे वाढ किंवा घडण पुरी होऊन एखादी गोष्ट पुढच्या कामाला लायक होण्याची अवस्था. बागायत, धान्यशेती, वैद्यक, बांधकाम आणि कर्जरोखे या सगळ्या क्षेत्रांत इंग्रजीतला ‘मॅच्युरिटी’ हा एकच शब्द चालतो. मराठीत फळ पाडाला येते, दाणा भरतो, मूल वयात येते, ठेवीची मुदत भरते. लोटलेल्या दिवसांवरून परिपक्वतेचा अंदाज बांधता येतो, पण खात्री होत नाही. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक क्षेत्राने मोजमापाची स्वतःची खूण ठरवून घेतली आहे.

फळे. सर्वाधिक गोंधळ होतो तो पक्व आणि पिकलेले या दोन अवस्थांमध्ये. झाडावरून काढल्यावरही नीट पिकू शकेल इतकी ज्याची वाढ झाली आहे ते फळ शरीरक्रियेच्या दृष्टीने पक्व. पिकणे त्यानंतर होते: पिष्टाची साखर होते, आम्ल घटते, गर मऊ पडतो, वास सुटतो. उपयोगाच्या दृष्टीने पक्वता ही तिसरीच गोष्ट. भेंडी आणि काकडी कोवळी असतानाच काढायची असते. बी टणक होईपर्यंत थांबले तर भेंडी जून होते आणि तिच्यात रेषा धरतात.

आंबा, केळे, पपई, चिकू, सफरचंद, टोमॅटो, अव्होकॅडो ही फळे तोडल्यानंतर पिकतात. त्या काळात त्यांचा श्वसनवेग एकदम चढतो आणि ती इथिलीन वायू सोडू लागतात. पिकणारे सफरचंद स्वतःच इथिलीन तयार करते, हे रिचर्ड गेन या शास्त्रज्ञांनी 1934 मध्ये सिद्ध केले. द्राक्ष, संत्रे, लिंबू, डाळिंब, अननस, स्ट्रॉबेरी यांचे तसे नाही. ती तोडली की गोडी वाढायची थांबते. आंबट द्राक्ष घरात ठेवल्याने गोड होत नाही, ते फक्त सुकते.

आंब्याची पक्वता आकारावरून पाहतात. देठाजवळचे खांदे भरून देठाच्या वर येतात, देठापाशी किंचित खळगा पडतो. एखादे फळ कापून पाहिले तर कोय टणक झालेली असते आणि कोयीलगतचा गर पांढऱ्याचा पिवळसर होऊ लागलेला असतो. साध्या पाण्यात सोडल्यावर पक्व फळ बुडते आणि कोवळे तरंगते, कारण गर भरत जातो तशी फळाची घनता पाण्यापेक्षा जास्त होते. कोवळे फळ अढीत घातले तर सालीला रंग येईल, पण गर फिका आणि बेचव राहील, वर साल सुरकुतेल. पिकवण्याच्या खोलीतही हेच घडते. केळ्यांसाठी तिथे हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे 100 भाग इथिलीन एक-दोन दिवस ठेवतात, तापमान 15 ते 18 अंश सेल्सियस आणि आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर राखतात, आणि साचणारा कार्बन डायऑक्साइड अधूनमधून बाहेर सोडतात, कारण तो वाढला की पिकणे मंदावते. इथिलीन पिकण्याची सुरुवात करून देते. राहिलेली वाढ भरून काढणे त्याच्या आवाक्यातले नाही.

सफरचंदासाठी आयोडीनची चाचणी वापरतात. थोड्या कोमट पाण्यात 8.8 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवून त्यात 2.2 ग्रॅम आयोडीन घालतात आणि द्रावण एक लिटर करतात. बागेच्या वेगवेगळ्या भागांतून दहाएक फळे घेऊन ती मधोमध आडवी कापायची, कापलेली बाजू द्रावणात बुडवायची आणि मिनिट-दोन मिनिटांनी पाहायची. पिष्ट शिल्लक असते तिथे निळा-काळा रंग येतो, साखर झालेला भाग पांढरा राहतो. हा पांढरेपणा गाभ्यापासून सालीकडे पसरत जातो. प्रचलित तक्त्यात 1 म्हणजे पूर्ण काळे आणि 8 म्हणजे पिष्ट संपलेले. शीतगृहात महिनोन्‌महिने ठेवायची फळे मधल्या अंकांना तोडतात, लगेच विकायची त्यापुढे. फार लवकर तोडलेल्या सफरचंदाची साल साठवणीत तपकिरी पडते, फार उशिरा तोडलेल्याचा गर पिठूळ होतो. द्रावण उजेडात निकामी होते, म्हणून गडद बाटलीत ठेवावे. गार फळावर रंग सावकाश चढतो. चाचणीची फळे विषारी असतात, ती माणसांना किंवा जनावरांना खाऊ घालू नयेत.

द्राक्षांसारख्या फळांचा रस रिफ्रॅक्टोमीटरखाली (रसातून जाणारा प्रकाश किती वळतो ते मोजणारे उपकरण) तपासून विद्राव्य घन पदार्थांचे, म्हणजे मुख्यतः साखरेचे, प्रमाण ‘ब्रिक्स’ अंशांत काढतात. आधी शुद्ध पाण्याने उपकरण शून्यावर आणावे लागते. घडाच्या एकाच टोकाचे मणी घेतले तर आकडा फसवतो, म्हणून वरचे, मधले आणि खालचे मणी एकत्र पिळावेत. नुसत्या गोडीवरही जाऊ नये. साखर आणि आम्ल यांचे गुणोत्तर चवीबद्दल अधिक खरे सांगते.

धान्य. मक्याच्या दाण्याच्या टोकाशी, कणसाला चिकटलेल्या जागी, काळा थर दिसला की झाडाकडून येणारे अन्न थांबले आणि दाण्याचे कोरडे वजन यापुढे वाढणार नाही असे समजावे. त्या वेळी दाण्यात सुमारे 30 ते 35 टक्के ओलावा असतो, म्हणजे दाणा पक्व असला तरी साठवणीजोगा नसतो. भात 80 ते 85 टक्के दाणे पिवळसर झाल्यावर, साधारण 20 ते 25 टक्के ओलाव्याला कापतात आणि 14 टक्के किंवा त्याखाली वाळवून ठेवतात. घाईने कापले तर पोकळ आणि खडूसारखे दाणे जास्त निघतात, उशीर झाला तर दाणे गळतात आणि भरडताना तुटतात.

मानवी शरीर. जन्मतारखेवरचे वय आणि हाडांचे वय यांत फरक असू शकतो. डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या क्ष-किरण चित्रात हाडांच्या टोकांजवळच्या वाढपट्ट्या किती बुजल्या आहेत हे पाहून अस्थिवय ठरवतात. पट्ट्या पूर्ण बुजल्या की उंची वाढणे थांबते. मुलींमध्ये हे मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी होते. शारीरिक, भावनिक आणि कायदेशीर प्रौढत्व एकाच दिवशी येत नाही, म्हणून एकावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते.

काँक्रीट. काँक्रीटची ताकद काळ आणि तापमान या दोहोंवर अवलंबून असते. नर्स-सॉल पद्धतीत काँक्रीटच्या तापमानातून आधारतापमान, म्हणजे ज्याखाली ताकद वाढत नाही असे धरलेले तापमान, वजा करून उरलेल्या अंशांना तासांनी गुणतात. आधारतापमान उणे 10 अंश धरले, तर 20 अंशांवर 72 तासांत 30 × 72 म्हणजे 2160 अंश-तास भरतात. 10 अंशांवर तेवढेच भरायला 108 तास लागतात. थंडीत ‘तीन दिवस झाले’ म्हणून शटरिंग काढणे धोक्याचे ते यामुळेच. प्रत्येक मिश्रणासाठी क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे, फोडून अंश-तास आणि ताकद यांचा आलेख आधी तयार करावा लागतो. सिमेंट किंवा रसायन बदलले की तो आलेख बाद होतो. तापमानाचा संवेदक कडेच्या, लवकर गार होणाऱ्या भागातही बसवावा. पाणी मारायचे राहिले तर अंश-तास भरतात पण ताकद येत नाही, आणि ही चूक आकड्यात दिसत नाही.

अर्थव्यवहार. रोख्याची किंवा ठेवीची मुद्दल परत मिळण्याची तारीख म्हणजे मुदतपूर्ती. इथे मात्र तारीखच सर्व काही ठरवते. मुदत जितकी लांब, तितका व्याजदरांतील बदलाचा रोख्याच्या बाजारभावावर परिणाम मोठा: दर चढले की भाव उतरतो. मुदतीपर्यंत थांबणाऱ्याला, कर्जदार बुडाला नाही तर, दर्शनी किंमत पूर्ण मिळते. मधेच विकणाऱ्याला त्या दिवशीचा भाव घ्यावा लागतो. ब्रिटनच्या ‘कॉन्सोल’ रोख्यांना ठरलेली मुदतच नव्हती, आणि त्या सरकारने उरलेले बेमुदत रोखे 2015 मध्ये फेडले.