गोव्यातील खासगी रुग्णालयात गुंगीची इंजेक्शने ठेवणे व वापरणे : पात्रता, कागदपत्रे आणि नोंदी

एंडोस्कोपी, हाड बसवणे, लहान मुलाचे एमआरआय किंवा अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेला रुग्ण, अशा अनेक प्रसंगी गुंगीचे इंजेक्शन द्यावे लागते. म्हापसा, डिचोली, फोंडा, मडगाव येथील लहान नर्सिंग होममध्येही ही औषधे रोज लागतात. तरीही ती कोणत्या कागदाच्या आधारे ठेवायची, याबद्दल बराच गोंधळ दिसतो, कारण एकाच कपाटातील या औषधांना कायद्याचे नियम वेगवेगळे आहेत. यापुढील माहिती रुग्णालयाचे प्रमुख, भूलतज्ज्ञ, औषधनिर्माते आणि वॉर्डच्या सिस्टर यांच्यासाठी आहे.

कोणत्या औषधाला कोणता नियम

मिडाझोलॅम आणि केटामाइन ही दोन्ही गुंगीची औषधे गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ खाली मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत येतात. केटामाइनचा समावेश २०११ मध्ये झाला. औषध नियमांनुसार मिडाझोलॅम अनुसूची एच-१ मध्ये, तर केटामाइन त्याहून कडक अशा अनुसूची एक्समध्ये आहे (या दोन्ही केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायच्या औषधांच्या याद्या). हा फरक लेबलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातील खुणेवरूनही कळतो, आणि माल उतरवून घेताना ती खूण पाहण्याची सवय साठा सांभाळणाऱ्याने लावून घ्यावी. फेंटॅनिल आणि मॉर्फिन ही मुळात वेदनाशामके असली तरी गुंगीच्या औषधासोबत दिली जातात; ती २०१५ पासून ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ म्हणून अधिसूचित आहेत आणि त्यांच्यासाठी रुग्णालयाला स्वतंत्र मान्यता घ्यावी लागते. प्रोपोफॉल हे गुंगीचे औषध या अधिनियमाच्या यादीत नाही, म्हणून त्याला ही मान्यता लागत नाही. मात्र त्याचा परिणाम उलटवणारे औषध उपलब्ध नसल्याने रुग्णाजवळची काळजी त्याच्या बाबतीत अधिकच काटेकोर हवी.

मान्यतेसाठी पात्रता आणि अर्ज

फेंटॅनिल किंवा मॉर्फिन ठेवू इच्छिणाऱ्या रुग्णालयाला ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ हा दर्जा मिळवावा लागतो. २०१४ च्या दुरुस्तीपूर्वी यासाठी अनेक परवाने वेगवेगळ्या खात्यांकडून घ्यावे लागत, आणि त्या फेऱ्यांमुळे अनेक रुग्णालये मॉर्फिन ठेवतच नसत. आता राज्याचे औषध नियंत्रक हे एकच सक्षम अधिकारी आहेत. गोव्यात हे काम अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे येते, ज्याचे मुख्यालय बांबोळी येथे आहे.

अर्ज नमुना ३-एफ मध्ये करायचा असून त्यात संस्थेचे नाव व पत्ता, प्रमुखाचे नाव, डॉक्टर व परिचारिकांची संख्या, मागील वर्षी उपचार घेतलेल्या रुग्णांची संख्या आणि ही औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरांची नावे द्यावी लागतात. हे डॉक्टर वैद्यकीय परिषदेकडे नोंदणीकृत आणि या औषधांच्या वापराचे संबंधित प्रशिक्षण घेतलेले असावेत. एकाहून अधिक असतील तर त्यांपैकी एकाला एकूण जबाबदार म्हणून नेमावे लागते. ही नेमणूक केवळ कागदापुरती मानू नये. साठ्यात एक कुपी कमी भरली तर उत्तर त्याच व्यक्तीला द्यावे लागते, म्हणून बहुतेक दिवस दुसऱ्याच रुग्णालयात असणाऱ्या मानद डॉक्टरांचे नाव तेथे लिहिणे योग्य नाही.

अर्जासोबत रुग्णालयाचे नोंदणी प्रमाणपत्र, डॉक्टरांची परिषदेची नोंदणी व प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, जागेच्या मालकीचा किंवा भाडेकराराचा पुरावा, साठा कुठे व कोणाच्या ताब्यात राहील याचे लेखी वर्णन आणि वर्षभराच्या गरजेचा अंदाज असा संच तयार ठेवावा. सादर करण्यापूर्वी कागदपत्रांची चालू यादी संचालनालयाकडून पडताळून घेणे इष्ट. मान्यता नमुना ३-जी मध्ये मिळते. तिच्यावरील मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा. पुढील वर्षाच्या गरजेचा अंदाज दरवर्षी ३० नोव्हेंबरपर्यंत औषध नियंत्रकांकडे पाठवायचा असतो. ही तारीख चुकली की पुढच्या वर्षीची खरेदी अडण्याचा धोका असतो, आणि त्याचा त्रास कर्करोगाच्या वेदना सोसणाऱ्या रुग्णापर्यंत पोचतो.

मिडाझोलॅम आणि केटामाइनची खरेदी

या दोन औषधांसाठी वरील मान्यता लागत नाही. रुग्णालयाला खऱ्या वैद्यकीय गरजेपुरता वाजवी साठा ठेवता येतो, मात्र हिशेब नीट ठेवणे बंधनकारक आहे. विक्रेता ही औषधे रुग्णालयाला केवळ सहीच्या लेखी मागणीपत्रावरच देऊ शकतो आणि ते पत्र त्याने दोन वर्षे जपून ठेवायचे असते. फोनवरून मागवून सही नंतर पाठवण्याची पद्धत बंदच असावी. रुग्णालयाच्या आवारात स्वतःचे औषधालय असेल तर त्याला नमुना २० आणि २१ चे किरकोळ विक्री परवाने लागतात आणि केटामाइन विकायचे असेल तर नमुना २०-एफ चा वेगळा परवाना लागतो. अनुसूची एक्सचे औषध दोन प्रतींत लिहिलेल्या चिठ्ठीवरच द्यायचे असते आणि त्यांतील एक प्रत औषधालयाने दोन वर्षे ठेवायची असते. एच-१ औषधांच्या विक्रीची वेगळी नोंदवही तीन वर्षे जतन करायची असते. ही औषधे कुलपात, केवळ त्यांच्यासाठी राखलेल्या कपाटात असावीत. केटामाइनचा नशेसाठी दुरुपयोग होतो हे गोव्यात कोणाला सांगावे लागत नाही, त्यामुळे येथे किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा गंभीर ठरतो.

नोंदवहीतील एक ओळ

मिडाझोलॅमची १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर तीव्रतेची ५ मिलिलिटरची कुपी उघडली, रुग्णाला २ मिलिग्रॅम दिले आणि ३ मिलिग्रॅम उरले, असे समजू. नोंदीत तारीख, वेळ, रुग्णाचा केस पेपर क्रमांक, कुपीचा बॅच क्रमांक, दिलेली मात्रा, टाकून दिलेली मात्रा, देणाऱ्याची सही आणि टाकताना पाहणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीची सही, एवढे सगळे त्याच वेळी यायला हवे. पाळी संपताना आठवून एकदम भरलेली पाने औषध निरीक्षकाच्या आधी लेखापरीक्षकालाच ओळखू येतात, कारण सगळीकडे एकच शाई आणि एकच अक्षर असते. उरलेले औषध पुढच्या रुग्णासाठी ठेवणे संसर्गाच्या दृष्टीनेही धोकादायक आहे.

याच औषधाची ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर तीव्रतेची कुपीही बाजारात असते. दोन्ही एकाच खणात असल्या आणि घाईत मिलिलिटरच मोजले गेले तर मात्रा पाचपट होते. केटामाइनही १० आणि ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अशा दोन तीव्रतांत मिळते. म्हणून रुग्णालयाने शक्यतो एकच तीव्रता खरेदी करावी, आणि डॉक्टरांचा आदेश नेहमी मिलिग्रॅममध्ये लिहिलेला असावा.

रुग्णाजवळची तयारी

ठरवून करायच्या प्रक्रियेपूर्वी रुग्णाने साधे पाणी दोन तास आणि हलके अन्न सहा तास आधी थांबवलेले असावे. संमतिपत्र त्याला समजणाऱ्या भाषेत, कोकणीत किंवा मराठीत, वाचून दाखवावे. प्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांखेरीज केवळ रुग्णाच्या श्वासाकडे पाहणारी एक व्यक्ती असणे ही सगळ्यांत महत्त्वाची अट आहे. हाताशी ऑक्सिजन, सक्शन (घशातील स्राव ओढून काढणारे यंत्र), अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), पल्स ऑक्सिमीटर आणि रक्तदाबमापक हवेत. मिडाझोलॅमची पहिली मात्रा निरोगी प्रौढाला २.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक आणि साठीपुढील रुग्णाला १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. ती किमान दोन मिनिटांत हळूहळू द्यावी आणि पुढची मात्रा देण्यापूर्वी आणखी किमान दोन मिनिटे थांबावे. सोबत फेंटॅनिल दिले असेल तर श्वास मंदावण्याचा धोका वाढतो, म्हणून मात्रा आणखी कमी लागते. मिडाझोलॅमसाठी फ्लुमाझेनिल आणि फेंटॅनिलसाठी नॅलोक्सोन ही उतारा औषधे त्याच खोलीत असावीत. त्यांचा परिणाम मूळ औषधाआधी ओसरू शकतो आणि जागा झालेला रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो, त्यामुळे उतारा दिलेल्या रुग्णाला लगेच घरी पाठवू नये.

औषधाचा अनपेक्षित दुष्परिणाम दिसल्यास त्याची माहिती भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर देता येते. मुदत संपलेला मॉर्फिन-फेंटॅनिलचा साठा रुग्णालयाने परस्पर कचऱ्यात टाकू नये. तो नोंदवहीत वेगळा दाखवून, कुलपातच ठेवून संचालनालयाला लेखी कळवावे आणि त्यांच्या सूचनेनुसारच त्याची विल्हेवाट लावावी.