बोंबील : नावाची आणि पाककृतींची पार्श्वभूमी

बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ का म्हणतात, याचे एक उत्तर वर्षानुवर्षे सांगितले जाते. मुंबईहून निघणाऱ्या टपालगाडीतून, म्हणजे ‘बॉम्बे डाक’मधून, सुके बोंबील देशाच्या आतील भागात जात, त्यांचा वास डब्यांना लागे आणि ‘डाक’चे पुढे ‘डक’ झाले, असे ते उत्तर आहे. ही गोष्ट रंजक असली तरी कालगणनेत बसत नाही. मुंबईहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, आणि ‘बॉम्बे डक’ हे माशाचे नाव १८२९ साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकातच आढळते. मुंबई इलाख्यातील इंग्रज अधिकाऱ्यांनाही त्या काळी ‘डक्स’ असे टोपणनाव होते, त्यामुळे माशाचे नाव माणसांना मिळाले की माणसांचे माशाला, याचा शोध आगगाडीपेक्षा तिकडे घेणे अधिक सयुक्तिक ठरेल.

या चर्चेत माशाचे मूळ नाव मात्र मागे पडते, आणि ते योग्य नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर १६७३ साली मुंबईत आला. त्याने माझगावचे वर्णन मोठे मासेमारीचे गाव असे केले असून ते ‘बंबेलो’ नावाच्या माशासाठी विशेष प्रसिद्ध आहे आणि हा मासा गरिबांचा आधार आहे, असे नमूद केले आहे. फ्रायरने कानाने टिपलेला हा शब्द म्हणजे आपला बोंबीलच होय. म्हणजे टपालगाडीच्या १८० वर्षे आधी हे नाव परकीय लेखणीतून कागदावर उतरले होते, आणि कोळीवाड्यांत ते त्याहूनही जुने असणार हे उघड आहे. शास्त्रीय नाव बरेच नंतर आले. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात या जातीची नोंद केली, आणि आज ती हार्पाडॉन नेहेरियस या नावाने ओळखली जाते.

गंगेचा उल्लेख येथे अनपेक्षित वाटेल, परंतु बोंबील भारताच्या दोन टोकांना मुबलक मिळतो : एकीकडे सौराष्ट्रापासून मुंबई-रायगडपर्यंतचा किनारा, दुसरीकडे बंगालचा किनारा. गढूळ, उथळ आणि भरती-ओहोटीची मोठी ओढ असलेले पाणी दोन्हीकडे आहे. सातपाटी, अर्नाळा, उत्तन, मढ, वर्सोवा येथील कोळी बांधव याच ओढीचा उपयोग करून डोल लावतात. डोल म्हणजे समुद्रतळाशी खुंटांना किंवा नांगरांना जखडलेले, तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळते होत गेलेले पिशवीसारखे जाळे. मासळीचा पाठलाग करावा लागत नाही, पाण्याची ओढच तिला जाळ्यात आणते, म्हणून उधाणाच्या दिवसांना या मासेमारीत मोल असते.

बोंबलाच्या पाककृतींचा सारा इतिहास त्याच्या अंगातल्या पाण्याने घडवला आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही. त्याच्या मांसात सुमारे ८५ ते ९० टक्के पाणी असते. बर्फ सहज मिळत नव्हता त्या काळात असा मासा काही तासांतच हातचा जाई, म्हणून वाळवणे हाच खात्रीचा मार्ग होता. किनाऱ्यावर बांबू रोवून उभारलेल्या वलांडीवर दोऱ्या आडव्या ताणतात आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगतात. आकड्यासारखे आत वळलेले दात एकदा गुंतले की वाऱ्याने सुटत नाहीत, वेगळ्या गाठीची गरज पडत नाही. मीठही लावावे लागत नाही, ऊन आणि वारा पुरतो. असा सुका बोंबील हलका आणि टिकाऊ असल्याने तो घाट चढून देशावरच्या आठवडी बाजारांत पोहोचला, आणि ज्यांनी समुद्र पाहिलाही नव्हता अशा घरांत निखाऱ्यावर भाजून, ठेचून, लसणीच्या चटणीत किंवा वांग्या-बटाट्याच्या रश्श्यात पडू लागला.

ओल्या बोंबलाचे तंत्र वेगळे. तळायचा असेल तर तो पोटाकडून उभा चिरून, मधला काटा काढून, पसरून वजनाखाली दाबून ठेवतात. पाणी निथळले नाही तर तव्यावर तांदळाच्या पिठाचे किंवा रव्याचे आवरण सुटते आणि मासा चुरगळतो. कालवणात मात्र हाच मऊपणा गुण ठरतो. चिंच किंवा कोकम घालून केलेल्या तिखट रश्श्यात तो शेवटी सोडतात आणि डाव फिरवण्याऐवजी भांडेच हलवतात. बंगाली स्वयंपाकात याच्या उलट दिशेने विचार झाला. तेथे ‘लोटे’ या नावाने ओळखला जाणारा हा मासा कांदा-लसणीत पूर्ण मोडून, पाणी आटेपर्यंत परतून ‘झुरो’ करतात. पारशी घरांत तो ‘बूमला’ झाला, आणि सुक्या बोंबलाच्या, व्हिनेगर व गूळ घातलेल्या ‘तारापोरी पातियो’ने पालघरजवळच्या तारापूर गावाचे नाव स्वयंपाकात कायम केले.

उघड्यावर वाळवण्याची ही रीतच पुढे वादाचा विषय झाली. मान्यताप्राप्त प्रक्रिया कारखान्यातून न आलेली मासळी स्वीकारायची नाही, या नियमानुसार युरोपीय संघाने १९९७ साली सुक्या बोंबलाची आयात थांबवली. ब्रिटनमधील खवय्यांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली, आणि अखेर मासा पूर्वीप्रमाणे उघड्या हवेत वाळवावा, परंतु त्याचे पॅकिंग मान्यताप्राप्त केंद्रात व्हावे, अशी तडजोड होऊन आयात पुन्हा सुरू झाली.