सी-७ वरचा घोडा

चाळिशीनंतर पुन्हा बुद्धिबळाचा पट मांडणाऱ्या बहुतेकांना वाटतं की चांगला खेळाडू आपल्यापेक्षा दहा चाली पुढचं पाहतो. आता आपलं डोकं तेवढं धावणार नाही, असं म्हणून ते आधीच हाय खातात. याची मला फार हळहळ वाटते, कारण ही समजूतच चुकीची आहे.

डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी ग्रँडमास्टर आणि चांगले हौशी खेळाडू यांना एकच स्थिती दाखवून मोठ्याने विचार करायला सांगितलं. चाली किती खोलवर मोजल्या, यात दोघांमध्ये फारसा फरक निघाला नाही. ग्रँडमास्टरांची नजर मात्र चटकन योग्य चालीवर जात होती. हे १९४६ सालचं संशोधन.

पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून झाकली. मास्टरने सोळाच्या आसपास मोहरी बरोबर मांडली, नवख्याने चार. मग मोहरी कशीही विखरून ठेवली, तेव्हा मास्टरची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली! तो सुटी मोहरी पाहतच नव्हता. आपण जोडाक्षर फोड न करता वाचतो ना, तसं तो राजा, हत्ती आणि पुढची तीन प्यादी एका नजरेत वाचत होता.

ही जोडाक्षरं मोठेपणीही शिकता येतात. मुलांपेक्षा वेळ जास्त लागतो, हे खरं. एक उदाहरण घ्या (घराच्या नावातलं अक्षर म्हणजे उभी रांग, ए ते एच; आकडा म्हणजे आडवी रांग, पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८). काळा राजा ई-८ वर, हत्ती ए-८ वर, आणि सी-७ घराची राखण एकटा डी-८ वरचा वजीर करतोय. पांढरा घोडा बी-५ वर येऊन थांबलाय. वजीर दुसरीकडे गेला, की घोडा सी-७ वर: राजाला शह आणि हत्ती गारद. असे सोपे शंभर-दोनशे नमुने निवडा आणि तेच काही दिवसांच्या अंतराने पुन्हा सोडवा, उत्तर न शोधता दिसू लागेपर्यंत. रोज नवी अवघड कोडी सोडवण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

दुसरं काम एकट्याने बसून करायचं. नील चार्नेस आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात स्पर्धा खेळण्यापेक्षा एकांतातल्या गंभीर अभ्यासाचा रेटिंगशी, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या गुणांकाशी, अधिक घट्ट संबंध दिसला. हरलेला डाव इंजिनाला, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्रामला, दाखवण्याआधी स्वतः तपासा आणि कुठे घसरलं ते एका ओळीत लिहून ठेवा.

माझ्या वहीत एकच ओळ पुन्हा पुन्हा येते: वजीर हलवला, पण तो कशाची राखण करत होता ते पाहिलं नाही.