रंजक ते प्रायमर: थंडीतल्या शिकारीमागची दोनशे वर्षे

अमेरिकेत मॉन्टानाच्या डोंगरात नोव्हेंबरच्या कडाक्यात एल्क या मोठ्या हरणाच्या मागावर निघणारे बरेच शिकारी काडतुसे घरीच भरतात, म्हणजे काडतुसाच्या वापरलेल्या पितळी नळकांड्यात, पुंगळीत, नवा प्रायमर, दारू आणि गोळी बसवतात. त्यांच्यातला एक जुना वाद असा, की साधा प्रायमर बसवायचा की मॅग्नम?

प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसवलेली टोपी. मोठ्या रायफलची टोपी जेमतेम ५.३३ मिलिमीटर रुंद, तुरीच्या दाण्याएवढी. सुई आपटली की तिची वाटी दबते, आतला स्फोटक मसाला इवल्याशा ऐरणीवर चिरडतो आणि ज्वाला भोकातून दारूत शिरते. दिवाळीत दगडाने टिकल्या फोडलेल्या कुणालाही यातलं मर्म लगेच कळेल.

त्याआधी रंजक होतं, म्हणजे मुख्य दारूला आग लावण्यासाठी बाहेर ठेवलेली चिमूटभर दारू. चकमकीच्या बंदुकीत रंजकदाणीतली दारू पावसात भिजायची, वाऱ्यावर उडायची. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्व्ही गावचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकाचा भडका दिसताच, छर्रे पोहोचायच्या आत पक्षी बुडी मारत. म्हणून त्यांनी आघाताने पेटणारा मसाला वापरून बंदुकीची दारू पेटवणारी नवी यंत्रणा घडवली आणि ११ एप्रिल १८०७ रोजी तिचं पेटंट घेतलं. प्रायमरची मुळं अशी थंड, ओल्या हवेतल्या एका शिकाऱ्याच्या अडचणीत आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढे तांब्याची टोपी आली, आणि १८६६ मध्ये काडतुसाच्या टोपीचे दोन घाट ठरले. इंग्रज बॉक्सर यांच्या टोपीत ऐरण टोपीतच असते आणि पुंगळीला मधोमध एकच भोक. अमेरिकन बर्डन यांच्या घाटात ऐरण पुंगळीचाच भाग, आणि भोकं सहसा दोन, तीही बाजूला. बॉक्सरची वापरलेली टोपी वरून एक बारीक दांडी घातली की सुटून येते. बर्डनची मात्र उचकटावी लागते. म्हणूनच अमेरिकेत घरोघरी बॉक्सरचाच घाट रुजला. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे याच काळातला.

मसाल्याने मात्र बराच काळ छळलं. पाऱ्याच्या फल्मिनेटने पितळ ठिसूळ होई. क्लोरेटच्या मसाल्यातून नळीत क्षार उरे. तो दमट हवेत ओल धरी आणि पोलाद गंजवी. शिकारी घरी आल्यावर आधी गरम पाण्याने नळी धूत. १९२० च्या दशकात जर्मनीत शिशाच्या स्टिफ्नेटवर आधारलेला मसाला आला, तेव्हा ही कटकट हळूहळू संपली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी सैन्याची उरलेली दारू विकायला काढली आणि घरी काडतुसं भरण्याचा छंद फोफावला. त्याच सुमारास रॉय वेदरबी यांच्या .३७८ मॅग्नमसारख्या मोठ्या पुंगळ्या आल्या. त्यांत भरायची एवढी सारी मंद जळणारी दारू साध्या टोपीने नीट पेटेना, म्हणून फेडरल या अमेरिकन काडतूस कंपनीने २१५ क्रमांकाचा मॅग्नम प्रायमर काढला. थंडीत दारू, विशेषतः गोल दाण्याची, पेटायला आणखी आळस करते. तिथे ही जादा ज्वाला कामी येते. पण टोपी बदलली की दाबही बदलतो, म्हणून भरणा कमी करून पुन्हा पायरीपायरीने वाढवत न्यावा लागतो. यात घाई अजिबात नको.

आणि कित्येकदा दोष टोपीचा नसतोच. बोल्टमधलं, म्हणजे सुई जिच्यात बसते त्या रायफलच्या सरकत्या खिळीतलं, तेल थंडीत घट्ट होतं आणि सुईचा फटका मंद पडतो. त्यामुळे जाणते शिकारी बर्फाकडे निघण्याआधी बोल्ट उघडून तेल पुसून काढतात.