सर्वेक्षणाच्या आकडेमोडीसाठी नवा कॉम्प्युटर घेण्याआधी

पीएच.डी. करणारे आणि सामाजिक संस्थांमधले ग्राहक आमच्याकडे येतात ते बहुधा महागडा कॉम्प्युटर घ्यायला. बहुतेकांना तो लागत नाही (धंद्याच्या हिशेबाने हे आम्ही सांगायला नको, तरी सांगतो). ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आणा. त्यावर आम्ही लिनक्स आणि ‘आर’ ही आकडेमोडीची प्रोग्रामिंग भाषा टाकून देतो. आर मोफत आहे. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकात ती तयार केली.

आर सगळा डेटा रॅममध्ये ठेवते आणि एका आकड्याला साधारण ८ बाइट लागतात. २,००० कुटुंबं आणि १५० प्रश्न म्हणजे जेमतेम २.४ एमबी, मोबाइलवरच्या एका फोटोएवढा ऐवज. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ची गोष्ट वेगळी. त्यात ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती आहेत आणि कॉलम हजारो. पूर्ण फाइल उघडायला गेलात तर लॅपटॉप बसणारच. ‘हॅवन’ हे आरमध्ये अशा फाइल वाचणारं पॅकेज (जोड-प्रोग्राम) वापरून हवे तेवढेच कॉलम घ्या. ४० कॉलम २३२ एमबीत मावतात. भारांकाचा (कुठल्या मुलाखतीला किती वजन द्यायचं, त्या आकड्याचा) कॉलम विसरू नका, आणि तो १० लाखांनी भागून घ्या.

आरमध्ये एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, उत्तर समोर. सरासरी वय ६१ आलं? सर्वांत मोठं वय विचारा. ९९९ दिसलं तर समजायचं, कुणीतरी ‘माहीत नाही’साठी तो आकडा भरलाय. तो काढा, पुन्हा विचारा. गावांची यादी मागवली की पिंपळगाव, पिंपळगांव आणि पिंपळगाव बु. अशी तीन गावं निघतात. ती एक की दोन, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. कॉम्प्युटर ते ठरवत नाही.

या पद्धतीचा धोका एकच, पण मोठा. आरला नुसत्या विचारलेल्या प्रश्नांची नोंद राहीलच असं नाही. सहा महिन्यांनी गाइड विचारतात, ‘हा तक्ता आला कुठून?’ म्हणून कामाची प्रत्येक ओळ स्क्रिप्ट फाइलमध्ये (आरला दिलेल्या ओळींची साधी फाइल) ठेवा आणि मूळ डेटाला हात लावू नका.

नावं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली असतील, तर आधी ती युनिकोडमध्ये आणावी लागतात. ते काम आम्ही करून देतो.

येताना प्रश्नावली आणि उत्तरांसाठी वापरलेल्या कोडची यादी आणा. उत्तरं देणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर मात्र फाइलमधून काढूनच आणा. आम्हाला ते लागत नाहीत.