नसेच्या मुळावरची सिस्ट आणि 'कंबर दुखते' एवढ्यावरच थांबणारं बोलणं

कंबरेच्या एमआरआयच्या रिपोर्टात गादी सरकल्याच्या मजकुराखाली कधीकधी आणखी एक ओळ असते: 'एस-२ पातळीवर टार्लोव्ह सिस्ट'. एस-२ म्हणजे कंबरेखालच्या त्रिकोणी हाडातली दुसऱ्या नसेची पातळी. ती वाचून कुणी 'सिस्ट म्हणजे गाठ आणि गाठ म्हणजे कॅन्सर' असं मनाशी जुळवतं आणि रात्रभर जागतं. कुणाला 'ते काही नाही, पुष्कळांना असतं' असं सांगून घरी पाठवलं जातं. ही कॅन्सरची गाठ नव्हे, हे आधी ठामपणे सांगायला हवं. 'ते काही नाही' हे मात्र बहुतेकांच्या बाबतीत खरं असलं, तरी सगळ्यांच्या बाबतीत नाही.

मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या भागातच संपतो. तिथून खाली नसांचा जुडगा उतरतो आणि त्यातल्या शेवटच्या नसा त्रिकास्थीतून, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडातून, बाहेर पडतात. मेंदू, मज्जारज्जू आणि या नसांच्या मुळांभोवती पाण्यासारखा नितळ द्रव असतो. एका वेळी तो साधारण १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्यानं तयार होतो. हा द्रव नसेच्या मुळावरच्या आवरणांच्या पदरांमध्ये शिरून साठला, की तिथे फुगवटा तयार होतो. तीच ही सिस्ट. तिच्या भिंतीत, कधी पोकळीतही, त्या नसेचेच तंतू असतात. त्यामुळे चरबीच्या गाठीसारखी ती सरळ कापून काढता येत नाही.

द्रव आत जातो, तसा बाहेर का येत नाही? विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी बसवलेला फूट व्हॉल्व्ह दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. पाणी वर चढू देतो, मागे फिरू देत नाही. सिस्टच्या तोंडाशीही असंच काहीसं घडत असावं, असं अनेक तज्ज्ञ मानतात. खोकताना, कुंथताना, बराच वेळ उभं राहिल्यावर किंवा बसल्यावर द्रवाचा दाब वाढतो, सिस्ट ताणली जाते आणि आतले तंतू दुखू लागतात. आडवं झालं की बऱ्याच जणांना उतार पडतो.

पण बसल्यावर तर गादीचं दुखणंही वाढतं. पंचवटी एक्स्प्रेसनं रोज मुंबई गाठणाऱ्यांना ते वेगळं सांगायला नको. मग फरक ओळखायचा कसा? दुखण्याच्या जागेवरून बराच अंदाज येतो. सरकलेली गादी बहुतेक वेळा कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांजवळ असते आणि तिची कळ मांडीमागून पोटरीत, पावलात उतरते. टार्लोव्ह सिस्ट बहुधा त्रिकास्थीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या नसेवर असते. या नसा जातात जननेंद्रियांकडे, गुदद्वाराकडे, मूत्राशयाकडे. म्हणून तिथे ठणका, जळजळ, मुंग्या, बसताच वाढणारी कळ, लघवीच्या तक्रारी, शरीरसंबंधाच्या वेळी वेदना अशी लक्षणं दिसतात. कळ पायातही जाऊ शकते.

हा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आढळतो, आणि नेमकी हीच जागा सांगायची चोरी असते. द्राक्षबागेत विरळणीला दिवसभर उभी राहणारी बाई असो, की सिडकोत घरी शिवणकाम करणारी, डॉक्टरांसमोर, तेही सासूबाई किंवा नवरा शेजारी बसलेला असताना, ती 'कंबर दुखते' एवढंच म्हणते. मग उपचारही कंबरेचेच होतात. माझ्या मते इथे पहिली जबाबदारी डॉक्टरांची आहे. सोबतच्या माणसांना दोन मिनिटं बाहेर बसवून दुखण्याची नेमकी जागा आणि लघवी-शौचाबद्दल थेट विचारलं, तर कित्येक महिन्यांची फरफट वाचू शकते. कुणी विचारलं नाही तरी, बायांनो, हे सांगाच. यात लाजण्यासारखं काही नाही.

ज्यांच्या नावानं ही सिस्ट ओळखली जाते, त्या न्यूरोसर्जन इसाडोर टार्लोव्ह यांनी १९३८ साली माँट्रियलमध्ये मृतदेहांच्या नसांचा अभ्यास करताना या सिस्ट पाहिल्या. आधी त्या निरुपद्रवी वाटल्या होत्या. पण सिस्ट काढल्यावर सायटिकाची, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी, कळ थांबते, असं त्यांनीच १९४८ साली मांडलं. पुढे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५०० जणांचे एमआरआय तपासले गेले. सिस्ट आढळल्या २३ जणांत, आणि त्यांच्यामुळे त्रास होता फक्त ५ जणांना. म्हणून फिल्मवर सिस्ट दिसली एवढ्यावरून दुखण्याचं खापर तिच्यावर फोडता येत नाही. सिस्ट कोणत्या नसेवर आहे, ती नस जिथे जाते तिथेच दुखतंय का आणि शेजारी गादीचा दोष आहे का, हे तिन्ही जुळवून पाहावं लागतं. कंबरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये त्रिकास्थीचा खालचा भाग पूर्ण येतोच असं नाही. संशय असेल तर त्या भागाचा वेगळा एमआरआय करावा लागतो.

त्रास नसेल तर सिस्टला हात लावायचा नाही. त्रास असेल तर आधी नसांच्या दुखण्यावरची औषधं, फिजिओथेरपी आणि बसण्या-उठण्यात बदल. यानं भागलं नाही, तर सीटी स्कॅनच्या मदतीनं सुईनं द्रव काढता येतो, पण नुसता द्रव काढल्यास सिस्ट पुन्हा भरू शकते. म्हणून काही ठिकाणी आत फायब्रिन नावाचा जैविक गोंद भरतात. सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया थोड्याच रुग्णांना लागते. तिथे नसेचे तंतू जपायचे असल्यानं या कामाचा अनुभव असलेला सर्जन शोधावा, घाई करू नये.

घाई करायची ती वेगळ्याच वेळी. लघवी तुंबली, शौचावरचा ताबा सुटला, बसण्याची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद झपाट्यानं कमी झाली, तर कारण सिस्ट असो की गादी, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचायला हवं. सोमवारच्या ओपीडीची वाट पाहायची नाही.